तांबं

आवाज थांबला म्हणून जाग आली.
सहा वर्षं त्या घरघरीवर झोपत आलोय.

उठून पाहिलं. काचेच्या टाकीत पाणी उभं,
दिवा निळा, आणि मऊ पोवळ्याची बोटं,
जी एरवी तरव्यासारखी डोलतात,
मिटलेली.
एक गोगलगाय काचेवरून सुटून
वाळूत उलटी.

पंप खोलला. वाटीला बारीक चीर,
चुंबकावरचा लेप फुगून सुटलेला,
आत तपकिरी गाळ. बोटावर घेऊन हुंगला.
ओल्या नांगराचा वास.

हा वास माझ्या शर्टाला रोजच असतो.
सर्जेकोटच्या वाळूत उताणा पडून
मी होड्यांच्या तळाला तांबडा रंग काढतो,
तांब्याचाच, डब्यावर तसं छापलंय,
म्हणजे कालवं बसू नयेत, शेवाळ धरू नये,
लाकडाला जिवंत काही चिकटू नये.
संध्याकाळी घरी येऊन
चिकटावं, वाढावं म्हणून दिवे लावतो.

तपासणीची नळी काढली.
पाच थेंब, हलवायचं, दहा मिनिटं थांबायचं.
चहा झाला, निवला, साय धरली.
नळी खिडकीशी धरली तर रंग
कागदावरच्या पहिल्या चौकोनात बसेना,
दुसऱ्यातही.
शेवंती म्हणाली, पांढरंच आहे.
धाकटी म्हणाली, निळसर.
मला दोघींचं पटलं.

आवय देवाची भांडी घासत होती.
"तांब्याक कित्याक भियतंस रे?
रातभर तांब्यात पाणी ठेवतंय, सकाळी पितंय,
सत्तर वर्सां झाली. माका काय झाला?"
काही नाही झालं, आवय.
पण तुला कातडी आहे.
ह्यांचं अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं
ते ह्यांनाही ठाऊक नसावं.

करवंटीच्या कोळशाची पिशवी धुतली,
काळं पाणी जाईतो धुतली,
टाकीत लोंबत ठेवली. धातू धरणारी चकती
कोल्हापूरहून मागवली, परवा येईल म्हणाले.
परवा म्हणजे परवा नव्हे, हे त्यालाही माहीत, मलाही.

मग पाणी.
पहाटे इनासच्या होडीत चार कॅन टाकले.
"दर्या दारात," तो म्हणाला, "आणि तू
दर्यात जातंस पाणी आणूक?"
जेटीचं नको, म्हटलं. डिझेल असतं.
खडपाच्या पलीकडे, तळ दिसेनासा झाल्यावर
कॅन बुडवले. बुडबुडे येत राहिले बराच वेळ.

परतताना ओहोटी लागलेली.
किनाऱ्यावर कलंडलेल्या होड्या, सगळ्यांचे तळ उघडे,
तांबडे, स्वच्छ. एकावरही कालव नाही.
ती मेरशेकरांची, ही तांडेलांची, पलीकडची इनासचीच.
माझ्या हातची.
इनास म्हणाला, "रंग बरो बसलो हा, नाय?"

पंप फुटला परवा.
हे हात मात्र सहा वर्षं त्या टाकीत जातायत,
दगड हलवायला, काच पुसायला,
घाईत, कधी नुसते शर्टाला पुसून.
नखांच्या कडेला आत्ताही तांबूस रेघ आहे.
लिंबानं जात नाही, वाळूनं जात नाही,
केरोसीननं जाते, पण केरोसीन कशानं जातं?

आता हात धाकटीचे.
ती स्टुलावर उभी राहते, मी सांगतो:
हळू, डावीकडे, कोलंबीला धक्का नको.
कोलंबी जिवंत आहे. दगडाच्या सांदीत
मिशा तेवढ्या बाहेर, हलतायत.
उलटी गोगलगाय काल सरळ करून ठेवली,
आज तिथेच आहे. झोपलीय, असं धाकटी म्हणते.

तिसऱ्या दिवशी पोवळ्याचं एक बोट उघडलं,
संध्याकाळी मिटलं.
चौथ्या दिवशी पुन्हा नळी, पुन्हा खिडकी.
ढग होते. ढगात कुठलाच रंग खरा नसतो.
उद्या ऊन पडलं की बघू.

नवा पंप बसवलाय. त्याचा आवाज बारीक, उंच,
डास कानाशी असावा तसा.
शेवंतीला झोप लागली.
मी पडून ऐकतोय,
हात पांघरुणाबाहेर.